जहाजाच्या आसाची जाडी
(असोदा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



समुद्रापासून दीडशे मैलांहून अधिक अंतरावर, काळ्या जमिनीच्या आणि केळीच्या बागांच्या या मुलखात जहाजाचा पंखा फिरविणाऱ्या लोखंडी आसाविषयी बोलण्याचे मी योजिले, याचे कारण आरंभीच सांगणे उचित होईल. तापीचे पाणी ज्या सुरतेस समुद्राला मिळते त्या बंदराशी खानदेशच्या कापसाचा जुना व्यवहार होता, हे एक कारण सांगता येईल; परंतु ते दूरचे आहे. जवळचे कारण असे की, आसाची जाडी ठरविण्याचा जो हिशेब गोदीतल्या नकाशाच्या मेजावर मांडला जातो, तोच हिशेब तुमच्या शेतातील ट्रॅक्टरच्या मागे, विहिरीवरील पंपात आणि जिनिंगच्या लाईन शाफ्टमध्ये अव्यक्त रूपाने रोज चाललेला असतो. ज्या गावात १८८० साली बहिणाबाई चौधरी जन्मल्या, आणि घरोट, मोट, चूल अशा नित्याच्या जिनसांकडे ज्यांनी इतक्या निरखून पाहिले की त्या जिनसांना वाङ्मयात कायमची जागा मिळाली, त्या गावच्या श्रोत्यांना यंत्राच्या एका अवयवाकडे तासभर एकाग्रतेने पाहा असे सांगण्यात अतिप्रसंग होत नाही, अशी माझी समजूत आहे.

प्रथम या अवयवाचे स्थान ध्यानी घ्यावे. आगबोटींच्या प्रारंभकाळात पंखा नव्हताच. दोन्ही कुशींना मोठाली चाके असत, आणि त्यांचा आस पाण्याच्या पातळीच्या वर आडवा पडलेला असे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने १८२९ साली बांधलेली आणि पुढच्या वर्षी सुवेझपर्यंत जाऊन आलेली ‘ह्यू लिंडसे’ ही अशीच चाकांची बोट होती. आणि त्याच घराण्यातील अर्देशीर कर्सेटजी, जे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले हिंदी सभासद झाले, ते मुंबईच्या सरकारी वाफयंत्रांच्या कारखान्याचे मुख्य अभियंते म्हणून काम करू लागले तेव्हा युरोपात चाक श्रेष्ठ की मळसूत्री पंखा श्रेष्ठ हा वाद ऐन भरात होता. १८४५ साली ब्रिटिश आरमाराने ‘रॅटलर’ ही पंख्याची आणि ‘अलेक्टो’ ही चाकांची अशा दोन बोटी पाठीला पाठ लावून दोरखंडाने बांधल्या आणि दोहोंना पूर्ण जोराने विरुद्ध दिशांना ओढावयास लाविले. पंख्याच्या बोटीने चाकांच्या बोटीला मागच्या मागे खेचीत नेले, आणि लोकांच्या दृष्टीने वादाचा निकाल लागला. परंतु या निकालाबरोबर एक नवी अडचण पदरात आली, तिचा गाजावाजा मात्र कोणी केला नाही. पंखा पाण्याखाली, यंत्र जहाजाच्या पोटात. तेव्हा जहाजाच्या पाठीमागच्या अंगाला, पाण्याच्या पातळीखाली, मुद्दाम भोक पाडून त्यातून फिरता आस बाहेर काढणे भाग पडले. ज्या भिंतीचा सारा धर्म पाणी बाहेर ठेवण्याचा, तिच्यातच हे भोक. आणि त्या भोकातून जाणारी वस्तू अहोरात्र फिरणारी, हादरणारी आणि झिजणारी. आसाच्या जाडीचा विचार या परिस्थितीपासून अलग करून केला की तो चुकतो, आणि आजच्या माझ्या प्रतिपादनाचा सारा रोख याच गोष्टीवर आहे.

आता मूळ हिशेब पाहू. आस तुटतो तो अश्वशक्तीने नव्हे, पिळाने. ओले लुगडे दोन्ही टोकांना धरून पिळावे तसा यंत्र एका टोकाने आणि पाणी दुसऱ्या टोकाने आसाला पिळीत असते, आणि हा पीळ किती हे शक्ती आणि फेरे या दोन गोष्टींच्या भागाकाराने ठरते. किलोवॉटमधील शक्तीला ९,५५० ने गुणावे आणि मिनिटाच्या फेऱ्यांनी भागावे, म्हणजे न्यूटन-मीटरमध्ये पीळ निघतो. शक्ती तीच ठेवून फेरे निम्मे केले की पीळ दुप्पट होतो. हे सूत्र पाठ करण्याची आवश्यकता नाही. त्यातले मर्म मात्र मनात ठेवावे, कारण ‘शंभर घोड्यांच्या यंत्राला किती जाडीचा शाफ्ट लागेल?’ असा प्रश्न बंदरावरच्या कारखान्यात हरघडी विचारला जातो, आणि फेरे सांगितल्यावाचून त्या प्रश्नाला उत्तरच नसते.

दुसरे मर्म असे की भरीव गोल आसाची पीळ सोसण्याची ताकद त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. व्यास दुप्पट केला तर ताकद आठपट, आणि ताठरपणा तर सोळापट. सव्वापट केला तरी ताकद जवळजवळ दुप्पट होते. उलट अंगाने पाहिले तर, आसाच्या मध्यातून अर्ध्या व्यासाचे आरपार भोक पाडून एकचतुर्थांश पोलाद काढून घेतले तरी ताकदीचा केवळ सोळावा हिस्सा उणा होतो, कारण पीळ सोसण्याचे काम मुख्यत्वे बाहेरची कातडी करीत असते आणि गाभा बहुतांशी नुसता बसून असतो. या वस्तुस्थितीचे दोन परिणाम आहेत: मोठ्या जहाजांचे आस पोकळ करणे परवडते, हा एक, आणि बाहेरच्या कातडीवर पडलेला लहानसा ओरखडाही गाभ्यातल्या मोठ्या दोषापेक्षा घातक ठरतो, हा दुसरा. या दुसऱ्या परिणामाकडे मला पुढे परत यावयाचे आहे.

आता तुमच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरच्या मागे जो पीटीओचा दांडा असतो, ज्याला रोटाव्हेटर जोडतात, तो मिनिटाला ५४० फेरे या प्रमाणित वेगाने फिरतो. ४५ अश्वशक्ती म्हणजे साधारण साडेतेहतीस किलोवॉट. तेव्हा सर्व शक्ती त्या दांड्यातून गेली असे धरले तर पीळ येतो सुमारे ५९५ न्यूटन-मीटर. आणि त्या दांड्याचा व्यास किती? ३५ मिलिमीटर. खाचांचा विचार सोडून तो गुळगुळीत भरीव दांडा मानला तरी त्याच्या कातडीवर प्रत्येक चौरस मिलिमीटरला सुमारे ७० न्यूटनचा ताण पडतो. दांडा चांगल्या, कठीण केलेल्या पोलादाचा असतो, आणि तो हा ताण वर्षानुवर्षे सोसतो. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी तो सोसतो आहे.

आता कोकणच्या किनाऱ्यावर, सातपाटी म्हणा, हर्णै म्हणा, तेथील एका मध्यम मासेमारी होडीकडे चला. यंत्र १०० अश्वशक्तीचे, मिनिटाला १,८०० फेऱ्यांचे. पुढे तीनास एक प्रमाणाची गिअरपेटी, म्हणून पंख्याकडे ६०० फेरे. फेरे मुद्दाम उतरवितात, कारण मोठा पंखा सावकाश फिरला तर तो त्याच शक्तीत पाणी अधिक कार्यक्षमतेने मागे लोटतो. लहान पंखा भरभर फिरविला तर पाणी नुसते घुसळले जाते आणि डिझेल जळते. परंतु फेरे तिप्पट उतरविले म्हणजे पीळ तिप्पट झाला, आणि घनाच्या नियमाने आस सुमारे १.४४ पट जाड हवा. येथे पीळ निघतो सुमारे १,१९० न्यूटन-मीटर, म्हणजे ट्रॅक्टरच्या दांड्याच्या दुप्पट. मग ट्रॅक्टरच्याच मापाने ताण धरला तर या होडीला ४४ मिलिमीटरचा आस पुरला पाहिजे. जहाजांचे वर्गीकरण करणाऱ्या संस्थांचा दस्तुर मात्र निराळे सांगतो. त्यांचे सूत्र शक्ती भागिले फेरे यांचे घनमूळ घेते, त्याला शंभराने गुणते, आसाच्या ठिकाणाप्रमाणे आणि जोडणीप्रमाणे एक गुणक लाविते, आणि पोलादाच्या ताकदीप्रमाणे काही सूट देते. पंखा चावीने, म्हणजे आसाच्या गाळ्यात बसणाऱ्या पोलादी तुकड्याने, बसविलेला असेल तर हा गुणक १.२६, चावीवाचून दाबून वा फ्लँजने बसविलेला असेल तर १.२२. उत्तम पोलाद धरून आपल्या होडीसाठी या सूत्राचे उत्तर येते ५७ मिलिमीटर. साधे घडीव पोलाद असेल तर ६३. पहिल्या मापाच्या आसावर ताण पडतो चौरस मिलिमीटरला अवघे ३३ न्यूटन, दुसऱ्यावर २४.

म्हणजे शेतातला दांडा ज्या ताणावर निश्चिंत चालतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी ताणावर समुद्रातला आस ठेवण्याचा दंडक शंभर-सव्वाशे वर्षांच्या अनुभवाने मुक्रर झाला. बाकीचे पोलाद व्यर्थ गेले काय? ज्याने हिशेब केवळ पिळापुरता शिकला त्याला तसे वाटते, आणि पैसे वाचविण्याच्या भरात तो आस बारीक करण्याची सूचनाही करतो. वस्तुतः त्या अधिक पोलादाने जे ओझे उचललेले असते ते सूत्रात अक्षराने लिहिलेले नसते, शंभर आणि १.२६ या निर्विकार दिसणाऱ्या आकड्यांत ते सामावलेले असते. ते ओझे कोणते, हे थोडे विस्ताराने सांगतो.

पंखा आसाच्या अगदी टोकाला, शेवटच्या आधाराच्याही पलीकडे लोंबत असतो. त्याच्या वजनाने आस खाली वाकतो. वाकलेल्या आसाची वरची बाजू ताणलेली आणि खालची बाजू दाबलेली. आणि आस फिरत असल्यामुळे जी कड या क्षणी वर आहे ती अर्ध्या फेऱ्यानंतर खाली जाते. प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक कण एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. मिनिटाला ६०० फेरे म्हणजे तासाला ३६ हजार. एक कोटी फेरे भरावयास २७८ तास पुरे होतात, आणि मासेमारीच्या एका हंगामात होडी याहून कितीतरी अधिक चालते. पोलाद एका जोराच्या धक्क्याला पुरून उरते, पण लहानशा धक्क्याची कोटी कोटी आवर्तने झाली म्हणजे ते थकते, ही गोष्ट प्रथम रेल्वेच्या आसांनी माणसाला शिकविली. भुसावळच्या यार्डात उभ्या असलेल्या प्रत्येक वाघिणीच्या आसामागे जर्मनीतील आउगुस्ट व्होलर या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केलेल्या दीर्घ प्रयोगांचे फळ आहे. त्याने दाखवून दिले की पोलादाला एक मर्यादा असते. ताण तिच्या खाली ठेवला तर आवर्तने कितीही झाली तरी पोलाद तुटत नाही. कोरड्या हवेत हे खरे आहे. खाऱ्या पाण्यात उघडे पडलेल्या पोलादाला मात्र अशी मर्यादाच उरत नाही. क्षार कातडीवर बारीक खळगे पाडतो, खळग्याच्या तळाशी ताण एकवटतो, तेथे भेग उगवते, भेगेत पुन्हा खारे पाणी शिरते, आणि कितीही कमी ताण असला तरी पुरेशा काळाने आस तुटतो. ट्रॅक्टरचा दांडा आणि होडीचा आस यांच्यामधील मुख्य भेद तो हाच.

म्हणून खारे पाणी पोलादापासून दूर ठेवण्याचा बंदोबस्त हा आसाच्या मापाचाच भाग समजला पाहिजे. मोठ्या जहाजांत आसावर गनमेटलचा अखंड वेष्टणपट्टा चढवितात किंवा आसाची नळी तेलाने भरून दोन्ही टोकांना तेल-पाण्याची सील बसवितात. लहान होड्यांत पंखा पितळेचा, आस पोलादाचा, आणि दोन्ही एकाच खाऱ्या पाण्यात बुडालेले असल्यामुळे विजेच्या घटासारखा व्यवहार सुरू होऊन हलका धातू खाल्ला जातो, म्हणून जस्ताचे ठोकळे बांधतात की खाणाऱ्याने आधी जस्त खावे. अलीकडे स्टेनलेस पोलादाचे आस कोकणात सर्वत्र दिसू लागले आहेत, आणि त्यांच्या चकाकीने तांडेल लोक निःशंक होतात. येथे सावधगिरीची सूचना देणे मी माझे कर्तव्य समजतो. स्टेनलेस पोलादाचे संरक्षण त्याच्या अंगावरच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यावर अवलंबून असते आणि तो पापुद्रा टिकावयास पाण्यातला प्राणवायू लागतो. होडी खाडीत महिनोन्महिने उभी राहिली, नळीतले पाणी साचून शिळे झाले, आस होडीत शिरतो तेथे पाणी अडविणाऱ्या ग्लँडच्या दोरीखाली वारा लागेनासा झाला, की नेमक्या त्या झाकलेल्या जागी पापुद्रा मरतो आणि खोल खळगे पडू लागतात. बाहेर दिसणारा भाग आरशासारखा लखलखीत, आणि आत दोरीखाली वाळवी लागल्यागत. अशा आसाला व्यासाचे आकडे वाचवू शकत नाहीत.

पाण्याखालच्या या नळीतले आधार कशाचे करावे, या प्रश्नाने पहिल्या पिढीच्या अभियंत्यांना फार छळले. पितळावर पितळ घासून आधार इतके लवकर झिजत की आस आपल्याच भोकात खडखडू लागे आणि जहाजात पाणी येई. १८५४ साली जॉन पेन या इंग्रज यंत्रकाराने लिग्नम व्हिटी या अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील, पाण्यात बुडणाऱ्या जड आणि राळयुक्त लाकडाच्या पट्ट्या आधारात बसवून त्यांना समुद्राच्याच पाण्याने ओले ठेवण्याची युक्ती काढली, आणि पंख्याच्या जहाजाचे भवितव्य त्या दिवशी खरे निश्चित झाले असे मला वाटते. ‘रॅटलर’च्या विजयाने नव्हे. पुढे रबराचे आधार आले, त्यांचा उगम तर खानदेशच्या श्रोत्यांना विशेष जवळचा वाटेल. कॅलिफोर्नियातील एका खाणीत गढूळ, वाळूमिश्रित पाणी उपसणाऱ्या पंपाचे धातूचे बेअरिंग वारंवार झिजे. शेरवूड नावाच्या खाण अभियंत्याने अडचणीच्या वेळी रबरी नळीचा तुकडा तेथे बसविला आणि तो धातूपेक्षा अधिक टिकला. वाळूचा कण रबरात दबतो, घरंगळतो आणि खाचेतून पाण्याबरोबर निघून जातो. धातूत तो रुतून बसतो आणि आसाला कापतो. जुन्या उभ्या टर्बाइन पंपांच्या लांब शाफ्टला जागोजाग जे खाचांचे रबरी आधार असत ते, आणि मासेमारी होडीच्या पाठीमागचा आधार, ही एकाच कुळातली भावंडे होत.

आधार किती अंतरावर ठेवावे, हाही जाडीच्याच पोटातला प्रश्न आहे. फार दूर ठेवले तर आस मध्ये झोल खातो आणि विशिष्ट वेगाला दोरीसारखा गरगरू लागतो. फार जवळ ठेवले तर होडीच्या सांगाड्याने किंचित अंग मोडले तरी ताठ आस आधारांना भलत्याच जोराने दाबतो. लहान होड्यांत व्यासाच्या वीसपट ते चाळीसपट एवढे अंतर ठेवावे असा अदमास कारागीर सांगतात. आपल्या ५७ मिलिमीटरच्या आसाला तो सुमारे १.१ ते २.३ मीटर पडतो. येथेच ‘जाड म्हणजे सुरक्षित’ हा समज प्रथम ढासळतो. व्यास दुप्पट झाला की ताठरपणा सोळापट होतो हे मी मघाशी सांगितले. अशा ताठ आसाला लाकडी होडीचे लवचीक अंग मानवत नाही, आणि मग आस शाबूत राहतो पण आधार आणि गिअरपेटी यांचे नुकसान होते.

हा समज दुसऱ्यांदा ढासळतो तो कंपनांच्या प्रकरणी. यंत्राचे दट्टे आसाला एकसारखे न पिळता ठोक्याठोक्यांनी पिळतात. आसालाही आपली अशी एक लय असते, आणि दोन्ही लयी जुळल्या की पीळ सरासरीच्या कितीतरी पट चढतो. विसाव्या शतकाच्या आरंभी पुष्कळ जहाजांचे आस, हिशेबाने भरपूर जाड असूनही, अकारण तुटत. हांबुर्गच्या गोदीतील हेर्मान फ्राम यांनी चालत्या जहाजांवर मोजमापे घेऊन १९०२ साली ही कारणमीमांसा प्रसिद्ध केली. तेव्हापासून आसाची जाडी ठरविल्यावर त्याची लय तपासणे आवश्यक झाले, आणि यंत्राच्या वेगदर्शकावर काही वेगांच्या भोवती तांबडा पट्टा ओढण्यात आला: या पट्ट्यात रेंगाळू नये, त्वरेने पार व्हावे. आता कोणी अज्ञानाने आस आणखी जाड केला तर त्याची लय वर सरकते, आणि जो धोका आधी रिकाम्या वेगात होता तो नेमक्या रोजच्या चालीच्या वेगावर येऊन बसू शकतो.

पंखा जहाजाला पुढे लोटतो म्हणजे आसाला पुढे लोटतो, आणि तो जोर यंत्रावर न जाता सांगाड्यावर जावा म्हणून जोर झेलणारा निराळा आधार लागतो, एवढे सांगून मी तो विषय सोडतो. जाडीच्या हिशेबात त्या जोराचा वाटा अल्प असतो. शंभर घोड्यांच्या होडीत तो टनभर असला तरी आपल्या आसावर चौरस मिलिमीटरला चारएक न्यूटनच पडतात.

आस तुटला म्हणजे काय होते, हे आता दोन-तीन प्रसंगांनी दाखवितो. १८९९ साली लंडनहून न्यूझीलंडकडे निघालेल्या ‘वायकाटो’ या एकाच पंख्याच्या आगबोटीचा शेवटचा आस आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ तुटला. यंत्र धड, कोळसा मुबलक, माणसे सुखरूप, आणि तरी ती बोट तीन महिन्यांहून अधिक काळ आपल्या हिंदी महासागरात वाऱ्यावर वाहत राहिली, तेव्हा कुठे दुसऱ्या आगबोटीच्या दृष्टीस पडून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यास ओढून नेली गेली. बिनतारी संदेशाची सोय त्या काळी जहाजांवर नव्हती. एका आसावर सर्वस्व टाकू नये, हा धडा उतारूंच्या मोठ्या जहाजांनी त्याआधीच उचलला होता. १८९० साली पाण्यात उतरलेली कॅनेडियन पॅसिफिकची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ दोन पंख्यांची आणि म्हणून दोन आसांची होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ती ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी विकत घेतली, तिचे नाव ‘लॉयल्टी’ झाले, ती जखमी सैनिकांसाठी इस्पितळाची बोट बनली, आणि युद्ध संपताच सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी आपल्या भागीदारांसह ती खरेदी करून सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली. ५ एप्रिल १९१९ रोजी हीच ‘लॉयल्टी’ मुंबईहून इंग्लंडकडे निघाली, आणि त्या प्रस्थानाचा दिवस आज आपण राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळतो. परकीय कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान देणारे ते जहाज जवळजवळ तीस वर्षांचे जुने होते. एवढ्या जुन्या बोटीवर अशी जोखीम पत्करणाऱ्यांच्या धैर्याविषयी मला नितांत आदर आहे, आणि तिच्या पोटात दोन स्वतंत्र आस होते ही गोष्ट त्या धैर्याच्या हिशेबात अगदीच नगण्य नसावी, असे अभियंता या नात्याने मला वाटते.

तरीही दोन किंवा चार आस असले म्हणजे निर्धास्त व्हावे असे नाही. १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांच्या पाणतीराने ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या चार आसांच्या ब्रिटिश युद्धनौकेच्या डाव्या बाजूच्या बाहेरील आसाचा आधार मोडला. आस फिरतच राहिला, आणि आधार सुटलेल्या त्या वाकड्या आसाने आपल्याच नळीच्या आणि भिंतींच्या चिंध्या करून समुद्राला जहाजाच्या थेट यंत्रशाळेपर्यंत वाट करून दिली. पुढे त्याच नावाच्या नव्या विमानवाहू नौकेच्या उजव्या आसाची जोडणी २०२२ च्या ऑगस्टमध्ये, बंदर सोडल्यावर लागलीच निकामी झाली. शत्रूचा हात नव्हता, वादळ नव्हते, दोष आस सरळ रेषेत न बसण्याचा होता.

सरळ रेषेत बसणे हे शब्द बोलावयास सोपे आहेत. लहान होडीत ते कसे साधतात ते सांगतो, कारण हे काम मी जवळून पाहिले आहे आणि त्याचे मला फार कौतुक आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर ओढतात, आणि नारळी पौर्णिमेपूर्वी डागडुजी उरकतात. आस बसवून यंत्राला जोडण्याचे काम जाणता फिटर होडी जमिनीवर असताना फक्त कच्चे करतो. लाकडी होडी किनाऱ्यावर एका आकाराची असते; पाण्यात उतरून एक-दोन दिवस राहिली, लाकूड फुगले, डिझेल आणि बर्फ भरला, की तिचे अंग निराळे बसते. म्हणून पक्के काम पाण्यात. गिअरपेटीची फ्लँज आणि आसाची फ्लँज समोरासमोर आणून बोल्ट न आवळता त्यांच्यातली फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी पोलादी पात्यांच्या गेजने मोजतात. शंभर मिलिमीटरच्या फ्लँजला चारही बाजूंच्या फटींत एक-दशांश मिलिमीटरहून अधिक फरक नको. फरक असला तर यंत्राच्या पायाखाली पत्र्याच्या पातळ चकत्या घालीत किंवा काढीत बसावे लागते, आणि एका कोपऱ्याला चकती घातली की दुसऱ्या कोपऱ्याचे माप बदलते. घाई करणारा मनुष्य बोल्ट आवळून दोन्ही फ्लँज जबरदस्तीने एकत्र आणतो. दिसावयास काम झालेले असते, परंतु त्या क्षणापासून आस दर फेऱ्याला वाकू लागतो आणि मघाचा कोटीचा हिशेब सुरू होतो.

मोठ्या जहाजाचा आस याच नियमांचा, केवळ प्रचंड प्रमाणावर. बारा हजार किलोवॉट शक्ती आणि मिनिटाला शंभर फेरे असे यंत्र धरले, तर साध्या घडीव पोलादाच्या आणि चावीवाचून बसविलेल्या आसाचा व्यास ६०० मिलिमीटरच्या घरात निघतो, आणि असा भरीव आस दर मीटरला सव्वादोन टनांच्या आसपास भरतो. माझगाव गोदीने लिअँडर जातीची पहिली भारतीय बनावटीची फ्रिगेट ‘निलगिरी’ १९६८ साली पाण्यात उतरविली आणि १९७२ साली ती आरमारात दाखल झाली, तेव्हा तीस हजार अश्वशक्ती दोन आसांवर वाटलेली होती. हे काम आपल्या देशात आपल्या हातांनी होऊ शकते याचा प्रत्यय मुंबईच्या कामगाराने त्या वेळी दिला. त्या कामगारांत घाटावरची आणि खानदेशातली मुलेही असत, ज्यांनी नोकरीच्या पहिल्या दिवसापूर्वी समुद्र पाहिलेला नसे.

आता तपासणीविषयी सांगून व्याख्यान पुरे करतो. वर्गीकरण संस्थांच्या नियमाप्रमाणे मोठ्या जहाजाचा शेवटचा आस सामान्यतः पाच वर्षांनी तपासावा लागतो. मासेमारी होडीला असा हुकूम कोणी बजावीत नाही. तेथे मालकाने स्वतःच पावसाळ्यात आस बाहेर ओढावा. पाहावयाच्या जागा दोन. पहिली, पंखा ज्या निमुळत्या भागावर बसतो त्याचे जाड टोक, आणि तेथवर येणाऱ्या चावीच्या गाळ्याचे कोपरे. निमुळतेपणा बहुधा बारास एक असतो. पंखा त्यावर घट्ट बसलेला असला तर पीळ त्या पकडीतून जातो आणि चावी केवळ जामीन राहते. पकड ढिली असली तर सारा पीळ चावीवर येऊन गाळ्याच्या चौकोनी कोपऱ्यातून भेग निघते. म्हणून गाळ्याचे कोपरे गोलसर असावेत, त्याचे पुढचे टोक एकाएकी न संपता नावेच्या तळासारखे उतरते असावे, आणि पंखा बसविण्यापूर्वी निमुळत्या भागावर निळा रंग लावून तो पंख्याच्या भोकाला सर्वत्र सारखा लागतो की नाही हे पाहावे. भेग डोळ्यांना दिसत नाही. भेगेत झिरपणाऱ्या रंगीत द्रवाने किंवा चुंबकीय भुकटीने ती दाखवावी लागते, आणि हे साहित्य आता महाग राहिलेले नाही.

दुसरी जागा ग्लँडच्या दोरीखालची. तेथे दोरी आवळून आवळून आसावर गोल खाच पडते. नखाने चाचपून पाहिली तर नख अडते. पाणी गळू लागले की खलाशी ग्लँड आणखी आवळतो, त्याने खाच आणखी खोल होते. वास्तविक ग्लँडमधून थेंब थेंब पाणी ठिबकलेच पाहिजे, त्या थेंबांनीच दोरी थंड राहते. खाच पडलेला आस लेथवर चढवून गुळगुळीत करता येतो, परंतु त्यात व्यासाचा एखादा मिलिमीटर जातो. आणि मूळ आस सूत्राच्या उत्तराइतकाच काटेकोर घेतलेला असला तर लेथवरून उतरताच तो नियमाखाली जातो आणि भंगारात टाकावा लागतो. यास्तव आपल्या उदाहरणातील होडीला मी ५७ चा आस न सांगता ६० चा सांगेन, साध्या पोलादाचा असेल तर ६५ चा, आणि त्याहून जाड मुळीच सांगणार नाही. आणि कारखान्याच्या वहीत व्यासाच्या शेजारी यंत्राची शक्ती, गिअरचे प्रमाण आणि पोलादाची जात या तीन गोष्टी लिहून ठेवावयास लावीन, कारण दहा वर्षांनी मालक यंत्र बदलून दीडशे घोड्यांचे बसवील तेव्हा जुना आस ठेवावा की काढावा हे त्या वहीवरूनच ठरणार आहे.